तुझ्या फोनमधल्या बाईला सांग

मोरबी, ९ नोव्हेंबर

आणि वर तूच म्हणतीस, "मी इचारून घेतलंय." कुणाला इचारलंस? जिला आई न्हाई, बाप न्हाई, गाव न्हाई, जिनं जन्मात उसाच्या फडात पाय ठेवला न्हाई, तिला! घरात नवरा बसलेला, चुलीपुढं सासू बसलेली, तालुक्याच्या डॉक्टरनं सोनोग्राफी काढून सांगितलेलं की गर्भाची पिशवी खराब झाली, काढून टाका, न्हाईतर कॅन्सर होईल. आणि तू भाकरी थापता थापता पिठाच्या डब्याला फोन टेकवतीस आणि त्या फोनमधल्या बाईला इचारतीस, "काढू का नको काढू?"

आणि ती बाई काय बोलली ते मला अजून पाठ हाय. "मी डॉक्टर नाही आणि मी तुम्हाला तपासू शकत नाही." मी म्हणलं, न्हाईस ना डॉक्टर, मग गप बस की. पण ती कुठली गप बसती. "तुम्ही फोटो पाठवलेल्या अहवालात गर्भाशयाचा आकार सामान्य असल्याचं लिहिलं आहे. अंगावरून पांढरं जाणं आणि कंबरदुखी यांची कारणं बऱ्याचदा औषधानं बरी होतात. ऑपरेशनआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा." शाळेत बाई धडा वाचती तशी वाचत बसली. आणि मी वरडलो तर तू काय म्हणालीस? "तिच्यावर कावून वरडता? तिनं निदान कागद वाचला. तुमी वाचला का?"

आईसमोर म्हणालीस. कागद इंग्रजीत, मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. मी काय वाचणार?

मला वाटलं, रागात हाय, सकाळपर्यंत उतरंल. सकाळी मी पुढं गेलो, नंबर लावायला. तू आईसंग मागून येणार असं ठरलेलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलो. कंपाउंडर दोनदा येऊन गेला, "पेशंट कुठाय?" पेशंट पोरीला, नंदीला घेऊन, फाईल घेऊन, फोन घेऊन माहेरच्या, धर्मापुरीच्या एष्टीत. आणि माझा नंबर ब्लॉक. म्हणून हा कागद खराब करतोय. शहादेवच्या फोनवर लावला की तो म्हणतो, "दाजी, ताई झोपलीय." दिवसा दहाला कोण झोपतं? तुझ्या भावाला नीट लबाडी बी बोलता येत न्हाई.

तो फोन नंदीच्या अभ्यासाला म्हणून मीच घेऊन दिलता, हे ध्यानात ठेव.

त्यानंतर काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसंल. मी अर्जुनराव मुकादमाकडं गेलतो. यंदाची उचल घेतली नव्हतीच, म्हणलं आधी बोलून घ्यावं. तो वसरीवर पाय सोडून बसलेला. म्हणला, "अर्धा कोयता घिऊन काय करू मी?" नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे तुझ्या त्या बाईला म्हाईत नसंल, तुला तर हाय. मी तोडणार, मोळी कोण बांधणार, गाडीवर कोण चढवणार? चार लोकांत हसला. म्हणला, "बायको फोनचं ऐकती का सुग्रीवचं? मग फोनला आण फडात."

म्हणून मी हितं, गुजरातला. गेवराईच्या लखननं आणलं. टाइल्सचा कारखाना हाय. भट्टीतनं फरशी बाहेर येती, ती बघायची, खोक्यात भरायची, पट्टी मारायची, थप्पी लावायची. दिवसभर टिचलेली कोणती, सारखी कोणती. इतकी गुळगुळीत फरशी की माझंच तोंड मला दिसतं, दिवसभर.

आईची पिशवी काढली होती की न्हाई? तिला काय झालं? त्यानंतर तिनं किती हंगाम केले. एक खाडा न्हाई. तुला महिन्याचे चार दिवस झोपडीत बसावं लागतं, खाडा पडतो, मुकादम दिवसाचे कापून वर दंड लावतो, आणि कंबर धरून रडतीस ती येगळी. मी तुझ्या चांगल्यासाठीच म्हणत होतो. बाकी सगळ्याजणींनी काढली. आपल्या टोळीत कोण राहिलीय?

ऑपरेशनचे एकवीस हजार पाचशे मी बाजूला काढून ठेवलेत. हात लावला न्हाई. तू दवाखान्यात जा, भरती झाली म्हणून कळव, त्याच दिवशी पाठवतो. न्हाई गेलीस तर एक रुपया येणार न्हाई.

सुग्रीव


मोरबी, २३ नोव्हेंबर

उत्तर न्हाई. बरं.

मी काय तुझ्या उत्तरावर बसलेलो न्हाई. हितं काम लई हाय.

एक सांगतो म्हणून सांगतो. आमच्या खोलीत लखनच्या फोनमधे बी ती बाई हाय. त्याच्या फोनमधे ती बाप्या हाय, आवाज बदलता येतो म्हणं. म्हणजे बाई बी न्हाई आणि बाप्या बी न्हाई. लखननं आयटीआय केलंय, त्याला असल्यातलं कळतं. मी म्हणलं, "ही तीच का बे, जी म्हणायची मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा?" लई हसला. म्हणला, ती तर रेकॉर्ड होती. मग बँकेची एक आली होती, आठवतं का तुला? आईचा अंगठा लागत नव्हता, पगार अडकला होता निराधारचा, आणि आपण लिहिलं, "आईचा अंगठा लागत न्हाई," तर ती म्हणायची, "कृपया खालीलपैकी पर्याय निवडा." आपण लिहायचं, "अंगठा झिजलाय," ती म्हणायची, "कृपया खालीलपैकी पर्याय निवडा." तू फोन गोधडीवर फेकला होतास.

लखन म्हणतो, "ते पिंजऱ्यातले राघू होते बे. शिकवलं तेवढंच बोलायचे, इठ्ठल इठ्ठल. ह्या नव्यांनी माणसांनी लिवलेलं जेवढं सापडलं तेवढं वाचलंय. म्हणून पुढचं बोलतात." मी म्हणलं, मग बघितलं किती? म्हणला, "बघितलं काहीच न्हाई. तिथंच फसतात." त्याला एकदा गाडीची वेळ सांगितली, एकदम ठाम, मास्तरासारखी. हा टेसनात जाऊन बसला. गाडी कवाच गेलती. तवापासून तो गाडीचं तिला इचारत न्हाई, टेसनातल्या माणसाला इचारतो.

हे तुझ्यासाठी लिहिलंय. ती चुकती. तुझं ऑपरेशन म्हणजे काय गाडीची वेळ हाय का?

आता हे पत्र बी लखन म्हणला तिच्याकडूनच लिहून घे, चांगलं लिहील. बघितलं लिहून घेऊन. काय लिहिलं असंल? "माझ्या जीवनाची सहप्रवासिनी रोहिणी, तुझ्याविना हा काळ कंठणे अवघड झाले आहे." सगळी खोली लोळून लोळून हसली. आपल्या उमापुरात कुणी बायकोला सहप्रवासिनी म्हणलं तर ती बस स्टँडवर जाऊन बसंल. फाडून, म्हणजे पुसून टाकलं. तू एका ओळीत वळखलं असतंस की हा सुग्रीव न्हाई. म्हणून माझं हे कोंबड्याच्या पायाचं अक्षरच वाच.

मी तिची एकदा परीक्षा घेतली. म्हणजे लखननं घेतली. मुकादमानं अर्धा कोयता घेतला न्हाई, काय करावं, असं इचारलं. तर तिला वाटलं कोयता मोडलाय. म्हणली, लोहाराकडून पातं जोडून घ्या, मूठ नवीन बसवा. बघ! ही तुला शहाणपण सांगणार! मग मी, लखननं, तिला नीट समजावून लिहिलं, जोडी म्हणजे काय, उचल म्हणजे काय. तर चूक झाली म्हणून लगेच मान्य केलं, आपल्या मुकादमासारखं न्हाई. आणि पुढं म्हणली, "समजलं. काम जोडीचं मोजतात. मग जोडीतलं एक माणूस आजारी पडलं, तर त्या दिवसाची मजुरी कोणाची जाते?"

लिहिलं, दोघांची. वर दंड.

"मग आजारी माणूस कामावर जातं का?"

मी फोन लखनला दिला. भोंगा झाला होता.

नंदीच्या शाळेचं काय केलंस? धर्मापुरीच्या शाळेत बसवलंस का? तेवढं तरी कळव. माझ्यासंग भांडण हाय, पोरगीचं काय.

सुग्रीव


मोरबी, ३० नोव्हेंबर

झालं तुझं समाधान? आई पडली.

मोठं काही न्हाई, उंबऱ्याला अडखळली, हातावर आली. तेवढ्यानं मनगटाचं हाड मोडलं. शेजारच्या सावित्रीबाईनं गेवराईला नेलं, प्लास्टर केलंय. एका हातानं पदर सुद्धा सावरता येत न्हाई तिला. भाकरी सावित्रीबाई देती. त्यांना बी त्यांचं घर हाय.

तू असतीस तर ही येळ आली असती का? मी हितं फरशा मोजतोय, तू तिकडं माहेरी बसलीस, आणि उमापूरच्या घरात एक म्हातारी एका हातानं चूल पेटवती.

म्हातारी म्हणलं खरं. तिचं वय पन्नाशीच्या आतच हाय.

मी यायचं म्हणलं तर शेठ सुट्टी देत न्हाई. गेलो तर जागा जाती. न्हाई गेलो तर लोक काय म्हणतील. कुठं बसावं कुठं उठावं कळत न्हाई. आज एका थप्पीत तीन टिचलेल्या फरशा माझ्या हातून पुढं गेल्या, सुपरवायझरनं सगळ्यांसमोर काढून दाखवल्या.

तुला लिहायचं कारण एवढंच की तुला कळावं.

सुग्रीव


मोरबी, १४ डिसेंबर

शहादेवचा फोन आलता. म्हणला, ताई उमापूरला जाऊन तुमच्या आईला भेटून आली, डबा घेऊन गेलती, दोन दिवस राहिली. मला आईनं सांगितलं न्हाई, तू सांगितलं न्हाई. सगळ्या जगाला म्हाईत, मलाच न्हाई. म्हणजे मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते तू वाचलंस. वाचतीस तर.

बरं केलंस. तेवढंच.

आता एक लिहितो, ते वाचून मला फोन करून हसू नको. म्हणजे फोन कर, पण हसू नको.

आईचं हाड लवकर जुळावं म्हणून काय खायला घालावं, एवढं इचारायला मी लखनचा फोन घेतला. ह्या खेपेला मीच इचारलं, लखन अंघोळीला गेलता. लिहिलं की माझी आई उंबऱ्याला अडखळून पडली, हाड मोडलं. वय एकोणपन्नास. पिशवीचा शब्द मी लिहिला न्हाई. तुझं नाव न्हाई. ऊस न्हाई, काहीच न्हाई. तिनं आधी दूध, नाचणी, तीळ, सकाळचं ऊन असं सगळं सांगितलं. आणि मग म्हणली, "एवढ्या साध्या पडण्यानं या वयात हाड मोडलं, म्हणून एक विचारते. त्यांची पाळी कोणत्या वयात बंद झाली? गर्भाशय किंवा अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती का?"

ते मी दोनदा वाचलं.

मला पयलं वाटलं तू सांगितलंस. लखन आला तर मी त्याला धरलं, "रोहिणीचा फोन ह्या फोनसंग बोलतो का बे?" तो डोकं पुसत म्हणला, "येडा झाला का? बाईच्या हाडाचं इचारलंस ना, मग डॉक्टर लोक जे इचारतात तेच तिनं इचारलं. वाचलंय तिनं." मग मी म्हणलं, आपल्या तालुक्याच्या डॉक्टरनं तर असं काहीच इचारलं न्हाई. तो बी डॉक्टरच हाय. लखन म्हणला, "त्यानं बी वाचलं असंल."

आधीचे ते राघू बरे होते. आपण इचारायचं, ते बोलायचे, न्हाईतर म्हणायचे पर्याय निवडा. ही उलटं इचारती. माणसानं उत्तर कुठून आणायचं?

उत्तर आईकडं होतं. तिला फोन लावला. जसं झालं तसं लिहितो.

मी म्हणलं, "आई, तुझी पिशवी काढली तवा मी केवढा होतो?"

"आता मधीच कावून रं?"

"सांग की."

"दुसरीला होतास. तुला पाटी दिऊन बाजंवर बसवून गेलते दवाखान्यात. तू पाटीवर नुसते गोल काढून ठिवलते."

"नुसती पिशवीच काढली का अजून काय?"

"काय काय काढलं ते मला कुठं दावलं? डॉक्टर म्हणला, सगळं साफ केलंय बाई, आता झंझट न्हाई."

"आणि तुझ्या अंगाची ती आग? हाडं दुखत्यात ते?"

"तवापासनंच. थंडीच्या दिसात बी घाम फुटतो. पयल्या साली वाटलं, मला कुणी करणी केली."

"मग एवढ्या वर्षात बोलली कावून न्हाईस?"

"इचारलं कुणी?"

मग तीच म्हणली, "हे आज तुला कुणी सुचवलं?" मी सांगितलं, फोनमधल्या बाईनं. मला वाटलं चिडंल. तर म्हणली, "त्या बाईला सांग, उमापूरच्या वच्छलाबाईनं राम राम सांगितलाय."

मी म्हणलं, आणि रोहिणीला काय सांगू? म्हणली, "ते तू बघ. मी सासू हाय."

नंदी यंदा कितवीला हाय ते मला म्हाईत हाय, दुसरीलाच. तू सांगायची गरज न्हाई.

त्या बाईनं नंतर सांगितलं, लहान वयात पिशवीसंग अंडाशय बी काढलं तर हाडं लवकर ठिसूळ होऊ शकतात, अंगाची आग होती. पण म्हणली, हेच कारण हाय असं मी ठामपणे म्हणत न्हाई, आईंची हाडांची तपासणी करून घ्या. प्रत्येक वाक्याला शेपूट, डॉक्टरला दाखवा, डॉक्टरला दाखवा. गाडीच्या वेळेला एवढं शेपूट लावलं असतं तर लखनची गाडी चुकली नसती.

मी तुझं काही मान्य केलं असं समजू नको. तुझं येगळं, आईचं येगळं.

पण दवाखान्यात जाऊ नको एवढ्यात. त्या तालुक्याच्या. थांब जरा.

सुग्रीव


मोरबी, २८ डिसेंबर

तू थांबलीसच न्हाईस. तुला थांब म्हणणारा मी कोण.

शहादेवनं सगळं सांगितलं. म्हणजे सांगितलं कसलं, एक वाक्य बोलायचा आणि खोकायचा. तू अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आलीस. लाईनीत उभी राहिलीस. बाई डॉक्टर होत्या. तपासलं, पाणी काढून काचेवर बघितलं, जुना कागद बघितला, आणि म्हणल्या की पिशवीला काहीच झालं न्हाई, आतून इन्फेक्शन हाय, गोळ्यांनी जाईल. म्हणल्या, सत्तावीस वर्षाच्या पोरीची पिशवी कोण काढायला निघालं होतं?

हे शेवटचं शहादेवनं लई हळू सांगितलं. तो मला घाबरतो.

मी त्या दिवशी जेवलो न्हाई. तालुक्याच्या त्या दवाखान्याच्या काचा फोडाव्यात असं वाटलं. पायरीवर बसलो होतो की मी तिथं! कंपाउंडर पेशंट कुठाय, पेशंट कुठाय करत होता, आणि मला लाज वाटत होती की पेशंट पळाली. मी लखनच्या फोनवर त्या बाईला शिव्या घालून लिहिलं. शिव्या डॉक्टरला, पण लिहिल्या तिला. ती चिडत बी न्हाई. म्हणली, जुना अहवाल आणि नवीन कागद दोन्ही जपून ठेवा, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करता येते, हवी असल्यास अर्ज लिहून देते. मला अर्ज नको होता. मला कुणीतरी माझ्यासंग वरडायला पाहिजे होतं. त्याला तूच लागतीस.

अर्ज लिहून घेतलाय. पाठवायचा का न्हाई ते तू म्हण. कागद तुझा हाय.

आणि दुसरं. शहादेव तीनदा खोकला आणि म्हणला, "दाजी, त्या डॉक्टरीण बाईंनी तुमाला बी गोळ्या घ्यायला सांगितल्यात." माझं डोकं फिरलं. म्हणलं, मला काय झालंय? बायकांची गोळी मी कावून खाऊ? तुझ्या ताईला माझ्यावर संशय हाय का? तो म्हणला, "मला म्हाईत न्हाई दाजी, चिठ्ठीवर लिवलंय," आणि ठेवला.

हे लखनला इचारता येत न्हाई. खोलीत सहा जण. मग कोण राहिलं? आता माझ्या फोनमधे बी ती घेतलीय, खरं सांगायचं तर आधीपासनंच घेतलीय. संडासाच्या मागं जाऊन लिहिलं. तिनं सरळ सांगितलं, लाज न बाळगता, जसं फरशीचा भाव सांगावा. म्हणली, असं इन्फेक्शन एकाचं दुसऱ्याला जातं, पुरुषाला काही त्रास न होता सुद्धा अंगात राहू शकतं, दोघांनी एकाच वेळी औषध घेतलं न्हाई तर परत परत होतं. कुणाचा दोष शोधत बसू नका. गोळी मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्या.

म्हणजे तू एवढी वर्षं गोळ्या खाल्ल्यास, बरी झालीस, परत झालं, परत खाल्ल्यास. आणि कुणी माझ्याकडं बघितलंच न्हाई. मी बी न्हाई.

शहादेवकडून चिठ्ठीचा फोटो मागवला, हितल्या दवाखान्यात दाखवून गोळ्या घेतल्या. तोंड कडू होतं. हितं बी अर्धा कोयता चालत न्हाई, असं दिसतंय.

तू येळेवर घेतीस का? उपाशीपोटी घेऊ नको, मळमळतं. मला मळमळलं.

सुग्रीव


मोरबी, ११ जानेवारी

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी. त्यातल्या तीन नंदीच्या. चौथी, "आईच्या हाताचं प्लास्टर निघालं, मी उमापूरलाच हाय, लिवायचं तर हितं लिवा." मी ती लखनला दाखवली न्हाई. त्यानं खिशातनं काढून वाचली. म्हणला, "माझ्या जीवनाची सहप्रवासिनी," आणि मी त्याला उशी फेकून मारली.

अर्ज पाठव म्हणून तू लिहिलं न्हाईस, नको म्हणून बी न्हाई. मी तो तुझ्या नावावर पाकिटात घालून ह्या पत्रासंग पाठवतोय. सही तुझी, ठरव तू.

अर्जुनरावचा फोन आलता. फडातली दोन जोडपी पळून गेली म्हणं, त्याला माणसं पायजेत. आवाज एकदम गोड. म्हणला, "सुग्रीव, झालं गेलं इसर. होळीपर्यंतच हंगाम हाय, तवर ये. न्हाईतर पुढच्या साली ये, पण पूर्ण कोयता आण. आणि बाईचं ते काम करून घे आधी, म्हणजे खाडा न्हाई, कटकट न्हाई. दवाखाना मी सांगतो." मी म्हणलं, "मुकादम, एक इचारू का?" म्हणला, इचार की. म्हणलं, "तुमच्या मालकीणबाईची काढली का?"

मग म्हणला, "तुझी जीभ लई लांब झाली बे." मी म्हणलं, जिभेला काय, गोळ्या चालू हायेत.

त्यानं फोन ठेवला. म्हणजे आता त्याच्या टोळीत आपल्याला काम न्हाई, पुढच्या साली न्हाई, त्याच्या पुढच्या साली न्हाई. त्याचं ऐकून दुसरे मुकादम बी घेणार न्हाईत. हे मी रागात बोललो, इचार करून न्हाई. तुला आवडंल म्हणून बी न्हाई. पण हे तुला कळायला पायजे, कारण आता आपलं कसं चालणार ते दोघांना बघावं लागंल. हितं बायकांना बी काम हाय, खोक्यांना चिकटपट्टी लावायचं, बसून. पण भट्टीची धूळ लई, नंदीची शाळा गुजरातीत. मी ये म्हणत न्हाई. मी फक्त काय हाय ते सांगतोय. होळीला मी चार दिवस येणार हाय, तवा भांडू.

त्या बाईबद्दल माझं एक राहिलं. ती काही देव न्हाई. गाडीची येळ चुकती, कोयता तिला कळाला न्हाई, आणि तुझी नाडी तिनं धरली न्हाई, ती त्या अंबाजोगाईच्या डॉक्टरीण बाईंनी धरली. पण तू तिला इचारलंस ते कावून इचारलंस, हे मला फरशा भरता भरता कळालं. घरात इचारायला माणूस न्हवतं. दोन माणसं होती, पण इचारायला न्हवतं. यापुढं बी तिला इचारत जा, मी वरडणार न्हाई. वरडलो तर वरडलो, तू इचार.

आणि तिच्याकडून मी एवढंच उचललंय, उलटं इचारायचं. म्हणून एक इचारतो, उत्तर पर्याय निवडून देऊ नको. आता दुखतंय का? कंबर? पांढरं जायचं थांबलं का? जिन्यावरनं, म्हणजे आपल्याकडं जिना कुठाय, आडावरनं पाणी आणताना थांबावं लागतं का? लग्नाला नऊ वर्षं झाली, हे मी कधी इचारलं होतं का, मला आठवत न्हाई. तुला आठवत असंल तर लिही.

आईची हाडं तपासायची राहिलीत. तिला एकटीला नेऊ नको, ती डॉक्टरपुढं म्हणंल मला काही होत न्हाई. तू संग बस आणि खरं ते तू सांग.

पैसे पाठवतोय. शहादेवच्या खात्यावर न्हाई, आईच्या न्हाई, तुझ्या स्वतःच्या, जे निराधारच्या येळेला आईसंग उघडलं होतं आणि ज्यात आजपर्यंत मी काहीच टाकलं न्हाई. कशाला पाठवतोय ते लिहीत न्हाई. लिहिलं की तू भांडशील, आणि मागच्या येळेला मी लिहिलं होतं त्यानं काय झालं ते आपण बघितलं. आकडा तोच हाय, वेगळा काढून ठेवलेला, हात न लावलेला. एकवीस हजार पाचशे.